जामीन आणि कॅलेंडर

जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या दिल्ली दंगलीच्या कटाच्या प्रकरणात पाच जणांना जामीन दिला. उमर खालिद आणि शर्जील इमाम यांना नाकारला. पाच वर्षांहून अधिक कोठडी झाली होती, साक्षीपुरावा अजून सुरू व्हायचा होता. तो निकाल वाचला आणि कोर्टाच्या बातमीदारीतली माझी शेवटची दहा वर्षे चाळावीशी वाटली.

त्याआधीचे भराभर सांगतो. 1977 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद ठरवला. मग टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला, 1999 मध्ये आपल्या महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका आला आणि आरोपी दोषी नसावा असे जामिनाआधी न्यायाधीशालाच पटले पाहिजे, अशी अट बसली. 26/11 च्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन अवघड करणारे कलम 43ड(5) घुसवले गेले. ती दुरुस्ती गृहमंत्री म्हणून पी. चिदंबरम यांनी मांडली होती. पुढे 2019 मध्ये भ्रष्टाचार आणि मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत मिळून जामिनासाठी शंभराहून अधिक दिवस थांबायची पाळी त्यांच्यावरच आली. आज या कायद्यांच्या नावाने टाहो फोडणाऱ्या विरोधकांनी हे अधूनमधून आठवावे.

माझ्या दशकाची सुरुवात बरी होती. नोव्हेंबर 2017 मध्ये निकेश शाह प्रकरणात मनी लाँडरिंग कायद्यातल्या जामिनाच्या जाचक अटी घटनाबाह्य ठरल्या. सरकारने पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून त्या परत आणल्या आणि 2022 मध्ये न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. तोवर एप्रिल 2019 चा वटाली निकाल येऊन गेला होता. त्याने ठरवले : यूएपीएत जामिनाच्या वेळी पुरावा फार खोलात तपासायचा नाही, सरकारी पक्षाचे कागद एकंदरीत खरे धरून चालायचे. त्यानंतर युक्तिवादच आटला. एल्गार परिषदेच्या यूएपीए प्रकरणात बचावाचे वकील एखाद्या पत्राच्या खरेपणाबद्दल बोलू लागले की उत्तर ठरलेले : ते खटल्यात बघू. आणि खटला? तो उभाच राहत नव्हता.

नोव्हेंबर 2020 चा पहिला पंधरवडा मी विसरणार नाही. वृत्तनिवेदक अर्णब गोस्वामी यांना अटकेनंतर आठव्या दिवशी सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला. व्यक्तिस्वातंत्र्यावर फार सुंदर बोलले गेले तेव्हा, आणि जामीन योग्यच होता. त्याच दिवसांत एल्गार प्रकरणातले वृद्ध आरोपी स्टॅन स्वामी यांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात अर्ज केला होता. कंपवातामुळे पेला धरवत नाही, स्ट्रॉ आणि सिपर द्या. तपास यंत्रणेला उत्तरासाठी वीस दिवस मिळाले. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले, तेव्हा त्यांचे जामीन प्रकरण उच्च न्यायालयात प्रलंबितच होते. चॅनेलवर बसून 'कायदा आपले काम करील' म्हणणारे त्या दिवशी दुसऱ्याच विषयावर बोलत होते.

फेब्रुवारी 2021 च्या नजीब निकालाने एक फट उघडली. खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील, तर यूएपीएतही घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकते. वकील तिकडे धावले. पुराव्यावर बोलायची सोय नव्हती, म्हणून कॅलेंडरवर बोलू लागले. अर्जात कोठडीची वर्षे आणि न तपासलेल्या साक्षीदारांची संख्या ठळक दिसू लागली. 2023 मध्ये वर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांच्या निकालात न्यायालयाने पुराव्याचे वजनही थोडे जोखून पाहिले, पण तसे निकाल मोजकेच. 2024 च्या जुलैत मुंबईच्या बनावट नोटांच्या प्रकरणात जामिनाला चार वर्षांची कोठडी पुरली, ऑगस्टमध्ये मनी लाँडरिंगच्या प्रकरणात आपचे नेते मनीष सिसोदिया यांना सतरा महिने. निष्पाप आहे असे सिद्ध करता येत नाही, तर निदान सडलोय एवढे दाखवायचे! मला हे कधीच पटले नाही, पण दुसरा रस्ता नव्हता.

2026 च्या जानेवारीतल्या त्या निकालाने तीही फट अरुंद केली. निव्वळ विलंब पुरेसा नाही, आरोपीची भूमिका पाहू, असे न्यायालय म्हणाले. भूमिका पाहायची ती अर्थात सरकारी कागदांतूनच. खालिद आणि इमाम यांना नव्या अर्जासाठी दोनच मुदती दिल्या : संरक्षित साक्षीदार तपासून होणे किंवा एक वर्ष उलटणे. साक्षीदार पिंजऱ्यात कधी उभे करायचे, हे सरकारी पक्षाच्या हातात आहे.