जमिनीचा कानोसा

भूगर्भसंशोधन म्हटले की हातोडी, होकायंत्र आणि दगडांची पिशवी घेऊन डोंगर चढणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाचे काय काम, असा प्रश्न मला नात्यातल्या लग्नकार्यांत हमखास विचारला जातो. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आपल्या हैदराबादेतच आहे आणि ती 1961 साली स्थापन झाली, तरी हा प्रश्न सुटत नाही. आपल्या घरांतली मुले इलेक्ट्रॉनिक्स शिकतात आणि माधापूरच्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत जातात. दुसरी वाट असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवत असेल. किल्लारीचा धक्का इथेही जाणवला होता. त्याआधी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता 6.3 होती आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणाचा जलाशय भरू लागल्यावर काही वर्षांतच हे घडले, आणि त्या टापूत लहानमोठे धक्के आजही बसतात. तलावाच्या पाण्याचा भार आणि दगडांच्या भेगांत झिरपणारा दाब यांचा त्यांच्याशी संबंध आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. पण हे म्हणण्यासाठी प्रत्येक धक्का नेमका कुठे आणि किती खोलीवर उगम पावला हे कळावे लागते. इथे अभियंत्याचे काम सुरू होते.

खोली मोजतात ती घड्याळाने. भूकंपाची पहिली लहर कठीण खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने धावते. ती वेगवेगळ्या केंद्रांवर केव्हा पोचली त्या वेळांवरून उगमाची जागा काढतात. आता हिशेब करून पाहा. केंद्रातले क्वार्ट्‌झचे घड्याळ दहा लाखांत एक भाग जरी चुकले, तरी दिवसाला 86 मिलिसेकंदांचा फरक पडतो. तेवढ्या वेळात लहर अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे काल लावलेले घड्याळ आज उगम अर्धा किलोमीटर सरकवू शकते! पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे कालसंकेत शॉर्टवेव्ह रेडिओवर ऐकून घड्याळे जुळवीत. आता जीपीएस उपग्रह ते काम करतात. तरी अँटेनावर झाड वाढले की उपग्रह दिसेनासे होतात आणि घड्याळ पुन्हा आपल्या मनाने चालू लागते.

भूकंपमापक हे यंत्र समजायला सोपे आहे. एक वजन स्प्रिंगला टांगलेले असते. जमीन हलते, वजन मात्र जडत्वाने जागीच राहू पाहते; या दोहोंतला फरक मोजायचा. चुंबक आणि तारेचे वेटोळे लावले की त्या फरकातून अगदी क्षीण विद्युतदाब मिळतो. नव्या यंत्रांत युक्ती उलटी असते. वजनाला हलूच द्यायचे नाही. त्याला जागी धरून ठेवायला किती प्रवाह खर्च झाला, तेच मोजमाप. पुढे हा संकेत आकड्यांत उतरवतात, बहुधा सेकंदाला 100 वेळा. 16 बिटांच्या यंत्रात त्यासाठी 65,536 पायऱ्या मिळत, 24 बिटांच्या यंत्रात 1,67,77,216 मिळतात. (शेवटच्या काही पायऱ्या यंत्राच्या स्वतःच्या कुजबुजीतच जातात, माहितीपत्रकात हे ठळक छापत नाहीत.) एवढ्या पायऱ्या हव्यात, कारण त्याच यंत्राने माणसाला न जाणवणारा धक्काही टिपायचा असतो आणि घरे पाडणाराही.

खरी झटापट गोंगाटाशी असते. पिठाच्या गिरणीची मोटर, रस्त्यावरची एसटी, कुंपणाला अंग घासणारी म्हैस, सगळे कागदावर उमटते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की त्याच्या लाटांची थरथर किनाऱ्यापासून दूर आत असलेल्या केंद्रांवरही दिसते. विजेच्या तारांचा 50 हर्ट्‌झचा गुणगुणाट निराळाच. म्हणून मुरूम उकरून खाली कातळ लागेपर्यंत जायचे आणि यंत्र त्याच्यावर बसवायचे. पण कातळात अर्थिंग नीट मिळत नाही, आणि वीज पडली की लांब केबलमधून ती थेट आत येते. उंदरांना केबलचे आवरण का आवडते, हे मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

कोयनेच्या परिसरात याच कारणासाठी विंधनविवरे खोदून सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, काळ्या बेसाल्टच्या थरांखालच्या ग्रॅनाइटी खडकात भूकंपमापक बसवले. गोंगाट वर राहतो, शिवाय बेसाल्टचे थर लहरींत जी गुंतागुंत करतात तीही टळते. पण दीड किलोमीटर पाण्याखाली दाब दीडशे वातावरणांएवढा असतो, आणि खोलीबरोबर उष्णताही वाढते. इलेक्ट्रॉलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. वरच्या केंद्रात खराब झालेला भाग दुपारच्या जेवणाआधी बदलता येतो. खाली सोडलेल्या यंत्राचे तसे नाही. म्हणून काय खाली पाठवायचे आणि काय वरच ठेवायचे, हा निर्णय फार सावधपणे घ्यावा लागतो.

शेवटी दोन तारांची गोष्ट. भूकंपाच्या पहिल्या झटक्यात जमीन वर उचलली गेली की खाली ओढली गेली, यावरून भेगेच्या दोन बाजू कशा सरकल्या ते ठरते. कोयनेजवळ त्या मुख्यतः आडव्या सरकतात. दक्षिणेला वारणेकडे ताण पडून एक बाजू खचते. यंत्राच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर आलेख व्यवस्थित येतो, सुबक दिसतो आणि त्या केंद्रावरची जमीन उलट्या दिशेने हलल्याचे सांगतो. कोणाला शंकाही येत नाही. यावर एक जुना उपाय आहे. सुमात्रासारख्या दूरच्या ठिकाणी मोठा भूकंप झाला की त्याची वाट पाहणारे शास्त्रज्ञ उगमाचा अभ्यास करू लागतात. अभियंता मात्र आपल्या सगळ्या केंद्रांचे आलेख एकाखाली एक लावतो. इतक्या दुरून आलेली लहर शेजारशेजारच्या केंद्रांना एकाच दिशेने हलवते. सगळे वर गेले आणि एकच खाली गेले, तर दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या गावाची गाडी पकडायची.