गुणपत्रिकेत न दिसणारे अंतर

प्रवेशाचे दिवस आले की एक प्रश्न हटकून कानावर येतो. ‘नव्वद टक्केवाला बाहेर आणि सत्तरवाला आत, हा कुठला न्याय?’ प्रश्न रागाने विचारलेला असला तरी तो टाळू नये. त्या नव्वदवाल्या मुलानेही रात्री जागवलेल्या असतात.

पण मूल कुठवर पोहोचले एवढेच गुणपत्रिका सांगते. कुठून निघाले ते सांगत नाही. मी पिंजाऱ्याच्या घरातला. वडील गाद्या भरायचे. घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. अर्ज भरून घ्यायला शेजाऱ्यांची दारे ठोठवावी लागत. हे अंतर कुठल्या रकान्यात लिहायचे? जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले, की स्पर्धापरीक्षेतले गुण म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे.

मग आरक्षण धर्मावर द्यावे का? मुसलमान असूनही माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी, तांबोळी, मोमीन आहेत ते मागासलेपणामुळे, धर्मामुळे नव्हे. त्यांच्यातही जी घरे वर आली, त्यांनी जागा पुढच्यासाठी सोडावी. १९९२च्या मंडल निकालाने उन्नत गट वगळायला सांगितले ते याचसाठी.

मात्र हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू व्हावा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी ठरली, पण ती मुख्यतः हिंदूंपुरती. शिखांतल्या सर्व दलितांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात जागा मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या मैला वाहणारा मुसलमान आणि ख्रिस्ती झालेला दलित मात्र यादीबाहेरच राहिला. त्याच्या मुलाची वाट काही धर्मामुळे सोपी होत नाही. धर्मामुळे आरक्षण मिळू नये, हे मला मान्य आहे. मग धर्मामुळे ते नाकारलेही जाऊ नये.

आणि त्या नव्वदवाल्याचे काय? २००८पासून केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा मिळू लागल्या, तेव्हा खुल्या जागा घटू नयेत म्हणून एकूण जागा वाढवण्यात आल्या. म्हणजे मार्ग आहे. तेव्हा त्या मुलाला मी एवढेच म्हणेन, बाबा, तुझा राग रास्त आहे. पण तो शेजारच्या बाकावरच्या मुलावर काढू नकोस. जागा इतक्या थोड्या का, हे सरकारला विचार. विचारायला आम्हीही तुझ्याबरोबर येऊ.