एका म्यानात दोन इंजिनं

जून १९७० मध्ये ब्रिटिश लेलँडने दोन नव्या गाड्या बाजारात आणल्या. एक रोव्हरची रेंज रोव्हर, दुसरी ट्रायम्फची स्टॅग. दोन्हींच्या बॉनेटखाली आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन होतं, पण मालक एक असूनही या दोन इंजिनांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. रोव्हरचं इंजिन पुढे तीसहून अधिक वर्षं बनत राहिलं. स्टॅगचं इंजिन मात्र कारखान्यातून निघालेल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला लागलं नाही. १९७७ मध्ये गाडी बंद झाली, तिच्याबरोबर तेही संपलं.

त्यानंतर कित्येक स्टॅगमालकांनी मूळ इंजिन उतरवून रोव्हरचं बसवलं. आज त्यातलेच काही जण मूळ इंजिन शोधत फिरतात. जुन्या गाडीचं इंजिन बांधून घ्यावं की सरळ बदलावं, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू या एका गाडीने पुरत्या अनुभवल्या आहेत.

दोन घराणी

स्टॅगचा जन्म योगायोगाचा. इटलीतला रचनाकार जोव्हानी मिकेलॉत्ती याने ट्रायम्फ २००० या सेडानवर एक उघडी गाडी बेतली. मोटार प्रदर्शनात मांडण्यासाठी केलेला तो नमुना ट्रायम्फचे मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर यांना इतका आवडला, की त्यांनी तो कंपनीसाठीच ठेवून घेतला.

इंजिन घरचंच होतं. ट्रायम्फने ४५ अंशांत कललेलं चार सिलिंडरचं इंजिन तयार केलं होतं. अशी दोन शेजारी जोडली की ९० अंशांचं व्ही-एट होतं. आधी ठरलेली अडीच लिटरची क्षमता अमेरिकी गिऱ्हाइकाच्या अपेक्षेपायी २,९९७ सीसीपर्यंत वाढवली गेली. ताकद भरली १४५ अश्वशक्ती.

रोव्हरचं ३,५२८ सीसीचं इंजिन मूळचं अमेरिकन, ब्युइकचं. जनरल मोटर्सने सोडून दिलेल्या त्या ॲल्युमिनियम इंजिनाचे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले. १९६८ पर्यंत रोव्हर आणि ट्रायम्फ एकाच छताखाली आले होते. मग स्टॅगलाही तेच का बसवलं नाही? ते स्टॅगमध्ये मावत नाही, रोव्हरला तेवढी इंजिनं पुरवता येणार नाहीत, अशी कारणं दिली गेली. मावत नाही म्हटलेलं इंजिन पुढे गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी बसवून दाखवलं.

गाडी तापली

स्टॅगची बदनामी झाली ती तापण्यापायी. पण तापण्याचं कारण एक नव्हतं.

वॉटर पंप दोन हेडांच्या मधल्या खोबणीत, बराच उंचावर बसवला होता. वाहतुकीत अडकून गाडी तापली, थोडं पाणी बाहेर पडलं, की पातळी पंपाच्या खाली जाई आणि पंप कोरडा फिरू लागे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. या दोन धातूंच्या जोडीला गंजरोधक द्रव्य असलेलं कुलंट बारा महिने लागतं. ते नसलं की गंजाचा चुरा रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. काही ब्लॉकमध्ये तर ओतकामाची वाळूच राहून गेली होती. तीही तिथेच जाई. हेड धरणारे निम्मे स्टड सरळ आणि निम्मे तिरके होते. तापल्यावर हेडवर आडवा ताण येई, गॅस्केट उडे, हेड वाकडं होई. गंजलेल्या तिरक्या स्टडवरून ते उतरवणं ही आणखी एक शिक्षा. टायमिंग चेन ४० हजार किलोमीटरच्या आतच ढिली पडू शकत असे. ती तुटली किंवा दात सोडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत.

या यादीत तीन वेगळे गुन्हेगार आहेत. पंपाची जागा आणि स्टडचा कोन हा रचनेचा दोष. वाळू हा कारखान्याचा हलगर्जीपणा. कुलंट आणि चेन या देखभालीच्या बाबी. सत्तरच्या दशकात मात्र सगळ्याचं खापर एका शब्दावर फुटलं: इंजिन.

मूळ कल्पना टाकाऊ नव्हती, याची साक्ष स्वीडनमधून मिळते. साबने आपल्या ९९ या गाडीसाठी तेच कललेलं चार सिलिंडरचं इंजिन ट्रायम्फकडून घेतलं, पुढे ते स्वतः सुधारून बनवायला घेतलं आणि त्याच वंशावर आपली नावाजलेली टर्बो गाडी उभी केली. त्यांनी दोष एकेक करून काढले. ट्रायम्फला ती उसंत मिळाली नाही. अमेरिकेत १९७३ नंतर स्टॅग विकली गेली नाही. सात वर्षांत एकूण २६ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या.

बदलाबदलीचा हिशेब

१९८० च्या दशकातल्या स्टॅगमालकाला दोष देता येत नाही. हेड वाकडं झालेली गाडी कवडीमोलाने मिळे आणि रोव्हरचं चालू इंजिन भंगारातल्या सेडानमधून स्वस्तात निघे. ते संपूर्ण ॲल्युमिनियमचं, म्हणून वजनाला हलकं. माउंटिंग, एक्झॉस्ट, गिअरबॉक्सची जोडणी एवढं जमवलं की गाडी रस्त्यावर. तशी बदलाबदली झाली नसती, तर त्यातल्या अनेक गाड्या भंगारात गेल्या असत्या.

आज गणित फिरलं आहे. स्टॅगच्या सुट्या भागांवर जगणारे जाणकार कारागीर ब्रिटनमध्ये आहेत. ब्लॉक नीट धुऊन घेणं, हेडाचा फेस मारणं, मोठा रेडिएटर, विजेवरचा पंखा, पाणी कमी झाल्याची सूचना देणारा दिवा आणि ठरल्या वेळी नवी चेन, एवढं केलं की हेच इंजिन बिनघोर चालतं. उलट रोव्हरचं इंजिनही आता बनत नाही; स्वस्त पर्याय स्वतःच दुर्मीळ होऊ लागला आहे. शिवाय मूळ इंजिनाच्या गाडीला ग्राहक जास्त किंमत मोजतो.

आपल्याकडे

पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवणं आपल्याला नवं नाही. जीप, अँबेसिडर, फियाट, कुणीच त्यातून सुटलं नाही. डिझेल स्वस्त होतं, गाडी पोटापाण्याची होती. तेव्हा तेच शहाणपण होतं. पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हीए’ मालिकेतल्या क्रमांकास पात्र ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही अट आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून साठच्या दशकात निघालेल्या फियाट आता त्या वयाच्या झाल्या आहेत, आणि ज्यांची पेट्रोल इंजिनं भंगारात गेली, त्यांच्या मालकांना ती अट आडवी येते.

म्हणून निर्णय हौसेवर सोडू नये, तपासणीवर सोडावा. ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँक आणखी घासता येण्यापलीकडे झिजला असेल, सुटे भाग मिळतच नसतील, तर इंजिन खुशाल बदलावं. मात्र चेसिस कापू नये, जुनं इंजिन विकू नये, काय काय बदललं ते लिहून ठेवावं. यातलं काहीच नसेल, तर बांधून घ्यावं. आणि दोन्हींच्या आधी रेडिएटर खोलून पाहावा. तो चोंदलेला असेल, तर त्याला जोडलेलं रोव्हरचं इंजिनही तापणारच.