गुंतवळाचा हिशेब

रविवारी न्हाऊन झालं की मोरीच्या जाळीवर केसांचा काळा गोळा बसलेला दिसतो. कंगव्यात तेवढाच दुसरा. कुरळ्या केसांच्या बाईला तो बघून धस्स होतं. असंच चाललं तर डोक्यावर राहणार काय? मग मोबाइल हातात येतो आणि संध्याकाळपर्यंत कांद्याचं तेल, रोझमेरीचं तेल, बायोटिनच्या गोळ्या असं सगळं मागवून झालेलं असतं.

या गोळ्याला मराठीत नेमका शब्द आहे: गुंतवळ. विंचरताना निघालेले केस आपल्या आज्या फेकत नसत. बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. केसांवर भांडी देणारी फेरीवाली आली की ते तिच्या हवाली होत. बदल्यात सुया, पिना, कधी एखादी वाटी मिळे. त्याच केसांचं पुढे कुणाच्या तरी वेणीसाठी गंगावन होई. गुंतवळाला किंमत होती, म्हणून त्याकडे लक्ष असे. आज आपण त्याला नुसते घाबरतो. विरळ होत चाललेल्या कुरळ्या केसांची निगा राखायची तर सुरुवात गुंतवळ नीट पाहण्यापासून करावी.

गुरुवारचा केस रविवारी

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवराआवर, मग सुमारे तीन महिने विश्रांती आणि शेवटी गळणं. कोणत्याही दिवशी साधारण १० टक्के केस विश्रांतीत असतात, म्हणजे १०,०००. हा मुक्काम १०० दिवसांचा धरला तर भागाकार सोपा आहे: रोज १०० केस. त्वचारोगतज्ज्ञ दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक मानतात ते म्हणूनच.

सरळ केस सुटला की घरंगळतो. उशीवर, ओढणीवर, कधी आमटीतही सापडतो. कुरळा केस मुळातून सुटला तरी शेजारच्या वळणात अडकून राहतो. त्यातून कुरळे केस कुणी रोज विंचरत नाही. गुरुवारी सुटलेला केस हाती येतो रविवारी. चार दिवसांनी न्हालं तर दोनशे ते चारशे केस एकदम निघणं हा साधा गुणाकार झाला. सरळ केसांच्या बहिणीचेही तेवढेच गेलेले असतात, फक्त ते घरभर विखुरल्यामुळे तिला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून केस गळतात या धास्तीने न्हाणं पुढे ढकलण्यात अर्थ नाही. विश्रांती संपलेला केस जायचाच असतो. न्हाणं लांबलं तर गळती थांबत नाही, गुंता मात्र वाढतो आणि तो सोडवताना चांगले केस तुटतात.

टोक काय सांगतं

आता त्या गोळ्यातला एक केस सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरा मणी दिसला तर तो केस वेळ भरून मुळातून गळला आहे. तो मणी म्हणजे केसाचं मूळ उपटून आलं, असा समज सर्रास आहे. तो चूक. केस तयार करणारी पिशवी त्वचेतच असते आणि बहुतेक वेळा तिने नव्या केसाची तयारी चालवलेली असते. मणी नसेल, तुकडा आखूड असेल, टोक फाटलेलं असेल तर केस गळलेला नाही, तुटलेला आहे.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गळणं त्वचेखाली ठरतं, तिथे जिवंत पेशी काम करतात. तुटणं त्वचेच्या वर घडतं आणि तिथला केस निर्जीव आहे. महागडा कंडिशनर गळती थांबवू शकत नाही आणि लोहाची गोळी फाटलेलं टोक सांधू शकत नाही. बाजारातल्या बाटल्या हा फरक पुसून टाकतात. आपण तो धरून ठेवला की अर्धे पैसे वाचतात.

वळणाची किंमत

केस कुरळा का होतो, याचं उत्तर पिशवीच्या तळाशी आहे. सरळ केसाची पिशवी त्वचेत बऱ्यापैकी सरळ उतरते. कुरळ्या केसाची बाकदार असते आणि तिच्या दोन बाजूंच्या पेशी सारख्या वागत नाहीत. न्यूझीलंडचे संशोधक डुएन हार्लंड आणि सहकाऱ्यांनी मेरिनो मेंढीच्या लोकरीचा एकेक तंतू तपासून २०१८मध्ये दाखवलं, की वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी आतल्या बाजूच्या पेशींपेक्षा लांब असतात. रस्त्याच्या वळणावर बाहेरची कड लांब पडते, तसंच.

ही घडण काही उगाच आलेली नाही. २०२३मध्ये टीना लसिसी, नीना जाब्लोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तापणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळे मानवी केसांचे टोप चढवून वरून कृत्रिम ऊन सोडलं. सगळ्याच केसांनी उष्णता अडवली, पण घट्ट कुरळ्यांनी सगळ्यात जास्त. आफ्रिकेच्या उन्हात वाढलेल्या मानवजातीच्या डोक्यावरची ती नैसर्गिक छत्री असावी, असा त्यांचा तर्क आहे.

या छत्रीची किंमत तंतू चुकवतो. कुरळ्या केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. प्रत्येक वळणावर त्याला पीळ बसतो, तिथलं वरचं खवल्यांचं आवरण आधी उचकटतं आणि भेग तिथेच पडते. टाळूचं तेल सरळ केसावरून खाली ओघळतं. वळणावळणांच्या घाटातून ते टोकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे, अशी कुरळ्या केसांची नेहमीची कुचंबणा असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या केसाचं टोक अडीच वर्षांपूर्वीचं आहे. अडीच वर्षांचं ऊन, घाम, साबण आणि कंगवा त्याने सोसलेला असतो आणि तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही.

पैठणीचं रेशीम आणि केसाचं केराटिन, दोन्ही प्रथिनांचेच तंतू. पैठणी आपण धुण्याच्या दगडावर आपटत नाही, पिळत नाही, कडक इस्त्रीखाली घालत नाही. केसांना तेवढाच मान दिला तरी निगेचं बरंचसं काम होतं.

न्हाण्याच्या आधी आणि नंतर

सुरुवात खोबरेल तेलापासून करू. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन कमी झालं ते फक्त खोबरेल तेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे तंतूच्या आत शिरतं. पाणी शिरून केस फुगणं त्यामुळे कमी होतं. मॅरिको खोबरेल तेल विकते, हे वाचताना ध्यानात ठेवावं. पण निष्कर्ष काय आहे, तेही नीट पाहावं. तेल तंतूला वाचवतं. नवा केस उगवतो असं त्यात कुठेही नाही. म्हणून न्हाण्याच्या तास-दोन तास आधी तेल लावावं ते लांबीवर आणि टोकांना. डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल थापू नये. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी तेलकटपणावरच पोसली जाते.

शाम्पू टाळूसाठी असतो. आठवड्यातून एक-दोनदा, घाम फार येत असेल तर आणखी एकदा, सौम्य शाम्पू बोटांच्या पेरांनी टाळूवर फिरवावा. लांबीवर वाहून येणारा फेस तिला पुरतो. अंगाचा साबण डोक्याला नको. तो अल्कधर्मी असतो, केसावरची खवली उघडतो आणि जड पाण्यात चिकट थर मागे ठेवतो. शाम्पू पूर्ण सोडून नुसत्या कंडिशनरने धुण्याची पद्धत कुरळ्या केसांच्या मंडळींत लोकप्रिय आहे. दाट, कोरड्या केसांना ती मानवतेही. विरळ केसांवर मात्र थर साचून ते टाळूला चिकटतात आणि आहेत त्याहून कमी दिसतात.

विंचरण्याचा नियम सरळ केसांच्या उलट आहे. ओला केस ताणाला कमजोर असतो, म्हणून सरळ केस वाळल्यावर विंचरावेत. कुरळे केस कोरडे विंचरले तर वळणं एकमेकांवर घासून तुटतात. त्यामुळे भरपूर कंडिशनर लावून, ओले असतानाच, आधी बोटांनी आणि मग जाड दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सरकत गुंता सोडवावा. मग खसाखसा न पुसता सुती पंच्याने दाबून पाणी टिपावं. जाड टर्किश टॉवेलपेक्षा घरातला जुना, मऊ पंचा बरा.

केस वाळताना त्याच्या आतले हायड्रोजन बंध नव्याने जुळतात आणि त्या वेळी जो आकार असेल तो टिकतो. पावसाळ्यात हवेतली वाफ हेच बंध पुन्हा सोडवते आणि केस पिंजारतात. यावर जवस उकळून गाळलेला बुळबुळीत काढा घरच्या घरी चालतो; फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावा. विरळ केसांना हलका थरच मानवतो. जड लोणी, मलम यांनी वळणं खाली ओढली जातात.

बांधताना ताण नको. रोज एकाच जागी घट्ट पोनी किंवा अंबाडा घातला की कानशिलांवरचे केस आधी जातात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते परत येत नाहीत. भांगाची जागा बदलत राहावी. केस कायमचे सरळ करण्याच्या रसायनांनी तंतूतले गंधकाचे बंध तुटतात. पिशवी मात्र बाकदारच राहते, म्हणून खालून येतो तो पुन्हा कुरळाच.

गुंतवळ वाढतं तेव्हा, आणि गप्प बसतं तेव्हा

एवढं करूनही पांढऱ्या मण्यांचे केस अचानक दुपटी-तिपटीने निघू लागले तर कॅलेंडर मागे उलटावं. गणपतीत डेंग्यू झाला की केस गळतात दिवाळीच्या पुढेमागे. आजारात, बाळंतपणात किंवा एकाएकी वजन घटवताना शरीर एकदम पुष्कळ केसांना विश्रांतीला पाठवतं. ती विश्रांती संपते दोन-तीन महिन्यांनी. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१मध्ये याचं वर्णन केलं. कारण दूर झालं असेल तर सहसा सहा महिन्यांत ही गळती आपोआप ओसरते.

नाही ओसरली तर रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. तपासणीआधी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांनी थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये तसा इशारा दिला होता. गोळ्या जास्त घेतल्या म्हणून केस जास्त येत नाहीत. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व अति झालं तर केस उलट गळतात. जानेवारी २०२५मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातल्या गावांत माणसांची टक्कलं पडू लागली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखवलं ते गव्हातून पोटात गेलेल्या जादा सेलेनियमकडे.

गुंतवळ नेहमीइतकंच असून केस विरळ होत असतील तर मात्र हिशेब बदलतो. आनुवंशिक विरळपणात केस फार गळतातच असं नाही. प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. पुढची रेषा राहते आणि भांग रुंदावत जातो. त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या. कुरळ्या केसांचा फुगारा हे दीर्घकाळ झाकून ठेवतो. म्हणून महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, केस ओले असताना, मधल्या भांगाचा फोटो काढून ठेवावा. भांग खरोखर रुंदावतोय का, हे चार-सहा महिन्यांच्या फोटोंवरून कळतं.

यावर पुरावा असलेलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ते रक्तदाबाचं. केस उगवणं हा त्याचा दुष्परिणाम. अमेरिकेत ते टाळूवर लावायला पुरुषांसाठी १९८८ आणि स्त्रियांसाठी १९९१मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांना विचारून, भांग पाडत, केसांवर न सांडता टाळूवर लावावं. गरोदरपणात नको. पहिले काही आठवडे गळती वाढते, कारण नवे केस जुन्यांना बाहेर ढकलतात. नेमकं तेव्हाच मोरीच्या जाळीकडे पाहून पुष्कळ जणी औषध सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू जातं. टाळू जळजळत असेल, गोल चट्टे पडले असतील किंवा त्वचा गुळगुळीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर घरच्या उपायांत एक दिवसही घालवू नये.

पुढच्या रविवारी तो काळा गोळा पुन्हा दिसेल. आधी मागचं न्हाणं कधी झालं ते आठवा आणि रोजच्या पन्नास ते शंभर केसांना मधल्या दिवसांनी गुणा. मग दोन-चार केस सोडवून टोकं पाहा. तुकडे जास्त असतील तर कंगवा बदला. मणी जास्त असतील तर तीन महिन्यांमागे काय झालं होतं ते आठवा. आकडा जुळला तर गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून कचऱ्यात टाका. आता फेरीवाली यायची नाही.