संगमावरची होडी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची पंचगंगा होते अन् नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. थंडीतल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब तिथं होडीत बसलो. वल्ह्यांचा तेवढा आवाज, काठाला ऊस, पलीकडं कुरुंदवाड, जिथल्या मशिदींतही गणपती बसतो.

अम्मी मात्र होडीची कड सोडेनात. २०१९ च्या महापुरात सांगलीकडं ब्राह्मनाळला गच्च भरलेली होडी उलटून माणसं गेली. त्यांची भीती रास्तच. लाइफ जॅकेट मागा, गर्दी दिसली की खुशाल उतरा, पावसाळ्यात तर नकोच. आमच्या नानांनी गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडलेली. तो काळ वेगळा.

धाकटीनं विचारलं, "हे पाणी जातं कुठं?"

"कर्नाटकात, अलमट्टीला. तिथून आंध्रातून समुद्राला."

"मग आपण पण जाऊया!"

अम्मी पहिल्यांदाच हसल्या.