बॅटरीविना बोलणारी पट्टी

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसच्या टोलनाक्यावर गाडी जेमतेम थांबते, आडवा दांडा वर जातो आणि मोबाइलवर पैसे कापल्याचा संदेश येतो. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, पैसेही नसतात. नाक्यावरचा अँटेना साधारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतो. पट्टीतली चिमुकली चिप त्याच लहरींतून ऊर्जा उचलते आणि आपला क्रमांक परत धाडते. म्हणून धातूचा थर असलेल्या काचेवर टॅग कधीकधी मुका होतो.

खरी गंमत पुढे आहे. दांडा उघडण्यापूर्वी तुमच्या खात्यातली शिल्लक विचारली जात नाही. नाक्यावरच्या संगणकात अडवायच्या टॅगची यादी असते, ती वेळोवेळी ताजी होते. यादीत नाव नाही, तर जा! हिशेब मागाहून होतो: नाक्याच्या बँकेकडून एनपीसीआय या राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, तिथून तुमच्या बँकेकडे. यादी ताजी होईपर्यंत ऐनवेळी केलेले रिचार्ज काही नाक्यांपर्यंत उशिरा पोचू शकते.

१५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. चालू टॅग नसेल तर रोखीत दुप्पट टोल. नोव्हेंबर २०२५पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट. थोडक्यात, नोट दाखवणाऱ्यालाच जास्त भुर्दंड.