केडगावचं मुक्ती चर्च

पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेमार्गाला लागलं की दौंडच्या अलीकडे केडगाव येतं. नगर जिल्ह्यातल्या अनेक खेड्यांत आधी मिशनची शाळा निघाली, चार कुटुंबांची मंडळी जमली आणि मग तिला चर्चचं छप्पर मिळालं. केडगावात मात्र आधी आला तो दुष्काळ.

१८९६-९७च्या त्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली, बालविधवा सोबत घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता, रमाबाईंच्या तिथल्या शारदा सदनात इतक्या जणींना ठेवायला सरकारी मनाई होती. सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून त्यांनी केडगावात शेत घेतलं होतं, त्या उघड्या रानात या मुलींचा संसार मांडला गेला. १८९८मध्ये त्याचं 'मुक्ती सदन' झालं आणि पुढच्याच वर्षी चर्चचा पाया घातला गेला. तोवर गुजरातेत दुष्काळ पडला होता. तिथल्याही मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दगडी, ऐसपैस चर्च हवं होतं ते यांच्यासाठी. ही मंडळी जवळजवळ सगळी बायकामुलींची. भक्तीला त्या जमिनीवर बसत आणि मराठी भजनं गात.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला, अँग्लिकन पंथात झाला. पण तिथल्या गुरूंशीही त्या धर्ममतांवरून निर्भीडपणे वाद घालत. केडगावची मंडळी त्यांनी कोणत्याच पंथाच्या दावणीला बांधली नाही. मला त्यांचा हा निर्णय इमारतीइतकाच भक्कम वाटतो. १९०५मध्ये इथल्या मुलींच्या प्रार्थनेला असं उधाण आलं की त्याची बातमी परदेशी पोचली. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. काही मिशनऱ्यांना ते रुचलं नाही. ज्यांना घरात मान वर करून बोलायची मुभा नव्हती, त्यांचा आवाज चर्चभर घुमत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

भक्तीइतकंच कामही होतं. विणकाम, शेती, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल आणि छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईलाही समजेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले, छपाईही त्यांचीच. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४मध्ये, ते बायबल प्रसिद्ध झालं.